भोपळपरी आणि सगुणेची खिरापत

ऐका बरं का, आणि ऐकता ऐकता तोंडाला पाणी सुटलं तर मला बोल लावू नका!

शेवंतीवाडी नावाचं एक इवलंसं गाव होतं आणि तिथे सगुणा नावाची मुलगी राहायची. वय वर्षं नऊ, वेणी वीतभर, परकराला ठिगळं सात. घरात ती आणि तिची आई, दोघीच. आई शेतावर कामाला जायची. पण श्रावणात बांधावरून तिचा पाय घसरला आणि ती खाटेवर पडली ती पडलीच. तेव्हापासून चूल कधी पेटायची, कधी नाही. सगुणा मात्र कुरकुर करणाऱ्यांतली नव्हती. अर्धीच भाकरी असली तर मोठा तुकडा आईचा, छोटा तिचा, आणि त्यातलाही चिमूटभर अंगणातल्या चिमण्यांचा.

आश्विन उजाडला. आभाळ निळंनिळं झालं, झेंडू केशरी झाला, भात पोपटी झालं आणि गावात भोंडला सुरू झाला! रोज संध्याकाळी पाटावर हत्ती काढायचा, पाट अंगणात मधोमध ठेवायचा, आणि मुलींनी त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची. गाणी संपली की खरी मज्जा. रोज एकीने घरून खिरापत आणायची, पण झाकलेल्या डब्यात. बाकीच्यांनी डबा हलवायचा, कान लावायचा, नाक लावायचं आणि आत काय आहे ते ओळखायचं. ओळखेपर्यंत डबा उघडणार नाही म्हणजे नाही!

"उद्या सगुणेची पाळी," सगळ्यांत मोठी गजरा म्हणाली. मग हळूच तिच्या कानात म्हणाली, "नसेल जमत तर सांग हं. गेल्या वर्षीसारखी माझी आई करेल."

गजरा प्रेमानेच म्हणाली होती. पण गेल्या वर्षी आपल्या पाळीला दुसऱ्याच्या घरचा लाडू सगुणेच्या घशाखाली उतरला नव्हता. तो दिवस तिला अजून बोचत होता.

"मीच आणणार!" सगुणा म्हणून बसली. आणि घरी येऊन बघते तो काय, डब्यात मूठभर पीठ आणि गुळाच्या जागी नुसता गुळाचा कागद!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परसात गेली. तिथे भोपळ्याचा वेल होता आणि वेलावर एकुलता एक लालबुंद, गुबगुबीत भोपळा. तो काढायला ती वाकली, तेवढ्यात कुठूनतरी मुसमुसणं ऐकू आलं. एका पिवळ्याधमक फुलाने पाकळ्या घट्ट मिटून घेतल्या होत्या आणि आत काहीतरी चमचमत होतं.

"अगं बाई, भुंगा अडकला वाटतं," असं म्हणत सगुणेने एकेक पाकळी अलगद उलगडली. एकही फाटू दिली नाही.

आणि आतून निघाली चिमुकली परी! अंगात केशरी झगा, डोक्यावर वेलाच्या तंतूचा मुकुट, पंखांवर सोनेरी पराग. तिने पंख झटकले आणि सगळ्या परसात जायफळ-वेलदोड्याचा वास दरवळला.

"बाई बाई! दव प्यायला शिरले आणि डुलकी लागली," परी नाक पुसत म्हणाली. "मी भोपळपरी. तू मला सोडवलंस, तुझ्या तीन इच्छा पुऱ्या करीन. माग!"

"परीताई, माझ्या आईचा पाय बरा कर."

परीचा चेहरा एवढासा झाला. "राणी, माझी जादू चुलीपाशी सुरू होते आणि चुलीपाशीच संपते. हाडांतलं मला काही कळत नाही गं. खायचं-प्यायचं माग."

सगुणेने डोळे पुसले आणि बोटं मोजत म्हणाली, "मग पीठ, गूळ आणि तूप दे. ही एक. घमघमीत मसाला दे, ही दुसरी. आणि सगळ्या मुलींना पुरेल इतकं दूध दे, ही तिसरी."

"दिलं! पण माझे नियम ऐक. एकदा मागितलेलं परत मागायचं नाही. आणि मुलींनी ओळखायच्या आत पदार्थाचं नाव तुझ्या तोंडून फुटलं, तर झाकणाखाली जे असेल त्याची गोडी आणि वास, दोन्ही भुर्रकन उडून जातील. कळलं?"

"कळलं!" सगुणेने तोंडावर बोट ठेवलं.

मग काय विचारता! सगुणा भोपळा तोडून किसायला बसली. आई खाटेवरूनच सांगत होती, "किसाला पाणी सुटू दे. गूळ मग घाल. अगं, आच बारीक कर!" केशरी कीस गुळात रटरटला, त्यात पीठ पडलं, कणीक सोनेरी झाली. छोटे छोटे घारगे थापून वर खसखस लावली आणि तुपात सोडले. टम्म! टम्म! फुगले की नाही! उरलेला कीस दुधात घोटून त्यात सुंठ, जायफळ, दालचिनी घातली. दूध असं झालं की बघतच राहावं.

घारगे डब्यात, दूध किटलीत, दोन्हींवर झाकण. सगुणा निघाली ती जवळजवळ नाचतच.

वाटेत पारूकाकूंचं घर होतं. दारात काकू डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. त्यांची चार वर्षांची भिमी तापाने फणफणली होती.

"तीन दिवस पोटात कण नाही गं पोरीच्या," काकू म्हणाल्या. "ताप उतरू लागलाय, पण खाईल तर उठेल ना! काही दिलं की तोंड मिटून घेते."

सगुणा आत गेली. तिने डब्यातून एक घारगा काढला आणि भिमीच्या हातावर ठेवला. भिमीने तो मान तिरकी करून पाहिला.

"यात औषध आहे," ती म्हणाली. "परवा आईने गुळातून दिलं. कडू! मला फसवलं."

"नाही गं राणी, शप्पथ नाही."

"मग काय आहे ते सांग. नाव सांग. त्याशिवाय नाही खाणार."

सगुणेने डब्याकडे पाहिलं. एक शब्द बोलायचा अवकाश, की सगळं मातीमोल! पुन्हा गेल्या वर्षीसारखं व्हायचं. तिला रडू आलं, अगदी खरंखुरं. पण भिमीचे गाल किती खोल गेले होते, आणि तोंड कसं घट्ट मिटलेलं!

सगुणा खाली वाकली. "भोपळ्याचे घारगे," ती म्हणाली. "आणि किटलीत भोपळ्याचं मसाल्याचं दूध."

भुर्र! झाकणाखालून काहीतरी उडाल्यासारखं झालं आणि घमघमाट संपला. पण भिमीच्या हातातला घारगा झाकणाखाली कुठे होता? तिने एक घास घेतला. मग दुसरा. मग अख्खा घारगा मटकावला आणि म्हणाली, "अजून?"

डब्यातले आता फिके होते. भिमीने तरी एक मागून घेतलाच.

भोंडल्याला सगुणा मुकाट गेली. गाणी झाली आणि डबा फिरू लागला.

"करंज्या!" "नाही."

"पेढे? खोबऱ्याच्या वड्या?" "नाही."

"अगं, याला वासच नाही!" गजरा नाक खुपसून म्हणाली. "साबुदाण्याचे वडे? चकल्या? मुरमुरे?" "नाही, नाही, नाही."

अंगणात नुसता कल्ला उडाला. असं कधी झालंच नव्हतं! एरवी डबा दारात येतो न येतो तोच ओळखला जायचा. आज सगळ्यांनी हात टेकले.

"हरलो बाई! सांग आता."

सगुणेला हसू यावं की रडू, कळेना. "मुलींनो, मी जिंकले नाही," ती म्हणाली. "मी नाव आधीच सांगून टाकलं एकीला. त्याने गोडी गेली. खिरापत फिकी आहे. रागावू नका."

तेवढ्यात कुंपणापाशी पारूकाकू दिसल्या. कडेवर भिमी, अंगाला आईच्या लुगड्याची घडी गुंडाळलेली, ओठांवर खसखस. तिला खेळायचंच होतं, ऐकते कुठे!

"मला माहितीय!" भिमी जिवाच्या आकांताने ओरडली. "भोपळ्याचे घारगे! भोपळ्याचे घारगे!"

आणि काय सांगू! डब्याचं झाकण उडालं, किटलीचं झाकण उडालं, आणि असा घमघमाट सुटला की रस्त्यावरचे लोक थबकले. उजेडाच्या केशरी ठिणग्यांतून परी वर आली.

"पण हिला आधीच माहीत होतं!" गजरा हसत ओरडली.

"असू दे!" परी टाळ्या वाजवत म्हणाली. "खिरापतीचं नाव खेळणाऱ्या मुलीच्या तोंडून आलं ना? मग गोडी परत आलीच पाहिजे. आणि सगुणे, गोडी जाणार हे माहीत असूनही तू बोललीस. म्हणून ही चौथी, न मागता."

तिने सगुणेच्या दोन्ही तळव्यांवर चिमूटभर सोनेरी पराग ठेवला. "आजपासून तुझ्या हाताला चव. पदार्थाचं नाव कोणाला सांगितलंस तरी न उडणारी."

परी गरगर फिरली. केशरी, पिवळा, मग पांढराशुभ्र उजेड झाला आणि त्या उजेडातच ती विरघळून गेली.

दसऱ्याला अख्ख्या गावाने पैसे मोजून सगुणेकडून घारगे करून घेतले, कोजागरीला दूध, दिवाळीला तर विचारूच नका. चूल रोज पेटू लागली. वैद्य आले, आणि आईचा पाय माघ उजाडेपर्यंत धड झाला.

पण त्या संध्याकाळी सगुणेला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती डबा घेऊन एकेकीच्या हातावर घारगा ठेवत होती, आणि प्रत्येक मुलगी तोंड भरलेलं असताना एकच विचारत होती, "सगुणे, अजून एक आहे का गं?"