महाराजांचा पायगुण

राजाची स्वारी यायच्या आदल्या दिवशीच दिवाणाने गावाला दरडावलं होतं, "गाऱ्हाणं सांगाल तर जीभ छाटीन!"

म्हणून राजाने, "गावासाठी खजिना मोकळा केला. सगळं मिळालं ना?" असं विचारताच अख्खं गाव माना खाली घालून थरथरत राहिलं. म्हातारी गवराबाई तेवढी पुढे आली. दिवाणाचा हात तलवारीवर गेला.

"गाऱ्हाणं नाही, महाराज. तुमचा पायगुणच मोठा! तुम्ही येणार म्हणताच काल रस्ता झाला, आज दवाखान्यात वैद्य आला. मागच्या खेपेला तुम्ही गेलात, तसा तोही तुमच्यामागोमाग गेला. माझ्या सुनेचे दिवस भरलेत. ती बाळंत होईपर्यंत तरी इथून हलू नका."

राजाने दिवाणाकडे पाहिलं. आता गावात तो एकटाच थरथरत होता.