तिष्येच्या मनगटाचा दोरा

फार पूर्वी वेणुमती नगरात उदितसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच नगरात जन्मले होते. आचार्य सौमनस या नावाने ते मुलांना शिकवीत.

त्या नगराची एक रीत होती. शरद पौर्णिमेला राजसभेत मुलांची परीक्षा होई आणि राजा स्वतः प्रत्येकाला एक प्रश्न विचारी. मुलाच्या मागे पडदा असे, पडद्याआड आई किंवा बाप बसे, आणि मुलाच्या मनगटाला बांधलेल्या दोऱ्याचे दुसरे टोक त्यांच्या हातात असे. कधी काळी एका भित्र्या राजपुत्राला धीर यावा म्हणून त्याच्या आईने असा दोरा धरला होता. पुढे आईबापांची अक्कल वाढली. एक हिसका म्हणजे अग्नीचे उत्तर, दोन हिसके म्हणजे वायूचे, लांब ओढ म्हणजे पाण्याचे, अशा खुणा ठरून गेल्या. शाळेत उत्तरे आणि खुणा पाठ करून घेत आणि घरी हिसक्यांचा सराव चाले. मुले धडाधड बोलत, आणि राजाला वाटे, काय एकेक रत्न निपजते आहे आपल्या राज्यात! ज्या आचार्याची मुले सर्वांत जास्त उत्तरे देत त्याला राजगुरूचे आसन मिळे. मग आचार्य तरी कशाला तोंड उघडतात?

तिथे उत्पल नावाचा एक अत्तरविक्या राहत असे. माणूस मायाळू, पण घायकुता. त्याची मुलगी तिष्या गेल्या परीक्षेत अवाक्षर न बोलता उभी राहिली होती. सलग दोनदा मुके राहिलेल्या मुलाला शाळेतून काढावे असा राजाचा नियम होता. तिष्येला शाळा जीव की प्राण. यंदा ती बोलली नाही तर तिची शाळा कायमची सुटणार, या विचाराने उत्पलला घास गोड लागेना. तो उठता-बसता तिच्या मनगटाला दोरा बांधी आणि हिसके देई. पोरीचे मनगट लाल झाले.

"परीक्षा तिची आहे की तुमची?" त्याची बायको एकदा म्हणाली.

"तू गप्प बस. तुला काय कळतंय त्यातलं!" उत्पल म्हणाला, पण त्याचा आवाज चढला नाही.

शेवटी तो आचार्यांकडे गेला. शाळा पिंपळाखाली भरली होती. आचार्यांनी नुकताच मुलांना प्रश्न घातला होता, मुंग्या एका ओळीत का चालतात? मग ते स्वस्थ बसून राहिले. मुलेही बसली. कोणी डोके खाजवत होते, कोणी ओणवे होऊन मुंग्यांकडे बघत होते. एक साळुंकी मधून फिरून गेली तरी कोणी बोलेना. उत्पलच्या जिभेवर उत्तर वळवळत होते. त्याने मांडी बदलली, खाकरून पाहिले, आणि शेवटी न राहवून तो ओरडला, "अहो, पुढचीच्या मागे मागची जाते म्हणून!"

मुले खो खो हसली. आचार्यही हसले.

"आचार्य, हसताय काय?" उत्पल रडकुंडीला आला होता. "बाकीच्या शाळांत खुणा घोटून घेतात. तुम्ही मात्र मुंग्या बघत बसता. माझ्या मुलीचं कसं व्हायचं?"

"तिष्या हुशार आहे," आचार्य म्हणाले. "तिला विचार करायला वेळ लागतो, एवढंच. तो वेळ तिला शाळेत मी देतो. सभेत तो तुमच्या हातात आहे. दोरा धरा, तुम्ही मागे आहात हे तिला कळू द्या. पण सैल धरा."

उत्पल हो म्हणाला. त्याला ते पटलेही होते. पण पटणे वेगळे आणि पडद्याआड बसणे वेगळे.

पौर्णिमेचा दिवस उजाडला. मनगटांना दोरे बांधलेल्या मुलांच्या ओळीत तिष्याही सभेत उभी राहिली. राजाने विचारले, "मुली, इतक्या नद्या समुद्रात जातात, तरी समुद्र भरून वाहत का नाही?"

उत्पलचा जीव भांड्यात पडला. हे तर पाठांतरातले! समुद्राच्या पोटात वडवानल नावाची आग आहे, ती पाणी पिते. म्हणजे अग्नी, म्हणजे एक हिसका. तो आचार्यांचे बोलणे आठवून थांबला. तिष्या गप्प होती. सभेत कोणीतरी खुसखुसले. आता हिची शाळा गेली, असे वाटून उत्पलने दोरा खेचला. ती बोलेना. त्याने पुन्हा खेचला, आणि मग त्याच्या ध्यानात आले की दोन हिसके म्हणजे तर वायू! घाबरून त्याने तिसरा हिसका दिला.

तिष्या गर्रकन वळली आणि भर सभेत पडद्याला म्हणाली, "बाबा, थांबा ना जरा! मी विचार करतेय."

राजाने पडदा दूर करायला लावला. मागे ओळीने आईबाप बसले होते, अमात्य आणि सेनापतीसुद्धा, आणि प्रत्येकाच्या हातात दोरा ताठ होता. सगळे राजाच्या ध्यानात आले. तो संतापाने उभा राहिला.

"इतकी वर्षं मला फसवलंत? एकेकाला दंड करतो!"

तेव्हा बोधिसत्त्व पुढे होऊन म्हणाले, "महाराज, हे दोरे भीतीने ताठ झाले आहेत. दंडाने ते आणखी ताठ होतील. मुकं राहिलं की शाळा सुटते, म्हणून आईबाप मुलांना थांबू देत नाहीत."

"या मुलीनं दोरा मानला नाही. तुम्ही खुणा शिकवल्या नाहीत, आचार्य. राजगुरूचं आसन तुमचं."

"ते आसन नको, महाराज. त्याच्यापायी आचार्यही मुलांना थांबू देत नाहीत. ते मोडून टाका, आणि तो नियमही. मला द्यायचंच असेल तर या मुलीला वेळ द्या."

राजा खाली बसला. राजाच थांबला म्हटल्यावर सगळ्यांनाच थांबावे लागले. उत्पलने दोन्ही हात काखेत दाबून धरले. आयुष्यात त्याने एवढे अवघड काम केले नव्हते.

बऱ्याच वेळाने तिष्या म्हणाली, "समुद्रात आग आहे असं सगळे म्हणतात. पण आमच्या अंगणात पाण्याची परात ठेवली की तिच्यातलंही पाणी कमी होतं. तिच्याखाली तर कोणी आग लावत नाही."

"मग ते जातं कुठे?" राजा पुढे वाकून म्हणाला.

"ते मला माहीत नाही, महाराज. शोधायचं आहे."

"मलाही माहीत नाही," राजा म्हणाला, आणि मोठ्याने हसला. त्याने तो नियम तिथेच मोडीत काढला आणि आसनही. उत्पल सर्वांदेखत ओक्साबोक्शी रडला, आणि त्याची त्याला मुळीच लाज वाटली नाही.

बोधिसत्त्व पुढे बुद्ध, म्हणजेच शास्ते, झाले; त्यांनी ही कथा विहारात सांगितली, त्याला कारण घडले होते. त्या सकाळी एक गृहस्थ आपल्या लेकीला घेऊन दर्शनाला आला होता. शास्त्यांनी मुलीला काही विचारले की उत्तर बापच देई. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा आज भिक्षुसंघातला वृद्ध स्थविर आहे. तेव्हाची तिष्या म्हणजे ही मुलगी, आणि उत्पल तो तिचा हा बाप. आचार्य सौमनस मीच होतो." मग त्यांनी मुलीकडे वळून विचारले, "बाळ, तुला काय वाटतं?"

बापाने तोंड उघडले आणि मिटले. मुलगी विचार करू लागली, आणि सगळा संघ तिच्यासाठी थांबला. त्या थांबण्यालाच शास्त्यांनी क्षांती पारमिता, म्हणजे धीराची पूर्णता, म्हटले आहे.