दीपगृहाचं खोकं

“यातला अवघड कोणता?” अक्कांनी विचारलं.

डॉक्टर जयसिंग इंगवल्यांनी डाव्या हातानं मोठ्या खोक्यावर थाप मारली. “हा. किल्ला आहे. हजारो ठोकळे.”

शेजारच्या लहान खोक्यावर दीपगृहाचं चित्र होतं. त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

इंगवले कोल्हापुरातले नावाजलेले हाडांचे डॉक्टर. उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला आणि उजव्या हाताची बोटं अडखळू लागली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एकमेकांत बसणारे ठोकळे फक्त उजव्या हातानं जोडायला सांगितले, त्यासाठी दीपगृहाचा संच सुचवला. डॉक्टरांनी तो घेतला, आणि रागानं त्याच दुकानातून किल्लाही उचलला. दोन्हींपैकी न उघडलेलं खोकं दुकानदार परत घेणार होता.

आजऱ्याजवळच्या डोंगरावरचा अक्कांचा मठ त्यांना जुन्या परिचयाचा. काही ठरवायचं असलं की ते इथं विचारायला येत. ठरवून झालेलं असे, तरी येत.

आजही ते ठरवलेलंच सांगत होते. आयुष्यभर मोडलेलं जोडलं, ते आता पोरखेळ करत बसायचं का? करायचं तर कठीणच.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

“किल्ला पुरा झाला नाही तर?”

“तर काय… धडधाकट माणसालाही तो जड जातो. कोण बोलणार?”

“आणि हा?”

डॉक्टर ओसरीसमोरच्या फणसाकडे बघत राहिले.

“हा शाळेतली पोरंही जोडतात,” ते म्हणाले. “हा जमला नाही तर… हात गेलाच म्हणायचा.”

“मग अवघड कोणता?”

डॉक्टरांनी लहान खोकं जवळ ओढलं आणि त्याचं झाकण फाडलं.

अक्कांनी चौरंग पुढे केला. दीपगृहाची सपाट बैठक सरकू नये म्हणून ती एका हातानं दाबून धरली. दुसऱ्या हातानं डॉक्टरांचं डावं मनगट धरलं.

डॉक्टरांनी हात सोडवू पाहिला. अक्कांनी सोडला नाही.

पहिला ठोकळा चिमटीतून निसटला. पुन्हा उचलला, तो वाकडा बसला. काढायला गेले तर बोटं वळेनात. कपाळावर घाम आला. याच बोटांनी आपण माणसं पायांवर उभी केली, असं ते पुटपुटले.

ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं. कशीबशी तळाची एक ओळ उभी राहिली. दुसरीचे दोन ठोकळे बसले. तिसरा बसवताना हाताला झटका बसला आणि मनगट ओळीवर आदळलं. काही ठोकळे उखडले, काही चौरंगावरून खाली गेले.

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळानं ते म्हणाले की आता निघायला हवं, ड्रायव्हर खोळंबलाय, उरलेलं घरी करता येईल. घरी, म्हणजे दोन्ही हातांनी, हे त्यांनाही ठाऊक होतं. अक्कांनाही.

अक्कांनी त्यांचं मनगट सोडून दिलं. बैठकीवरचा हात मात्र तसाच ठेवला.

डावा हात मोकळा झाला. डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले. तो आपणहून ठोकळ्यांकडे निघाला होता.

त्यांनी तो मागे घेतला. मांडीखाली सारला आणि त्यावर दाबून बसले.

मग वाकले. उजव्या हातानं जमिनीवरचा एक ठोकळा चाचपला. सुटला. पुन्हा धरला. चौरंगापर्यंत आणला. अंगठ्यानं दाबत राहिले, दाबत राहिले… कट्ट असा बारीक आवाज झाला.

ते दुसऱ्या ठोकळ्यासाठी वाकले.

आत स्वयंपाक झाला होता. मठात स्वयंपाक करणाऱ्या तानूबाईंनी दारात येऊन पानं वाढल्याचं सांगितलं. डॉक्टरांनी मान वर केली नाही. तानूबाईंनी पुन्हा हाक मारली, डॉक्टरसाहेब, भाकरी गरम आहे तोवर या. त्यांच्यापर्यंत ती हाक पोचलीच नाही.

तानूबाईंनी अक्कांकडे पाहिलं.

“त्याचं ताट झाकून ठेव,” अक्का म्हणाल्या.