पहिल्या भागातलं प्रेत

"बाकी सगळं कळलं. पण प्रेताचं काय?" हेर्लेकर बाईंनी विचारलं.

शलाकानं चहाचा घोट तसाच तोंडात धरला. प्रबंधाच्या या प्रकरणात तिनं काय घातलं नव्हतं? माध्यमांचे चार सिद्धांत होते. तळटिपा होत्या. एका वाक्यात तर 'चिन्हव्यवस्था' हा शब्द दोनदा आला होता, आणि ते वाचताना तिचा तिलाच ऊर भरून आला होता.

"प्रेताचं... म्हणजे काय, बाई?"

"मालिकेत खून होतो ना? मग कुणीतरी मेलं असेल."

मालिकेचं नाव 'हुजूर चौकी'. संस्थानी काळ, पगडीवाला फौजदार, कंदील, आणि दर आठवड्याला एक खून. शलाका असल्या मालिका पूर्वीपासून भाकरी थापता थापता बघायची. चाळिशी उलटल्यावर पीएचडीला नाव घातलं, तेव्हापासून ती त्याच बघण्याला संशोधन म्हणायला लागली. भाकऱ्या पूर्वीइतक्याच करपत होत्या.

आता हे शेवटचं प्रकरण. हेर्लेकर बाई तिच्या मार्गदर्शक. त्यांची सही झाली की प्रबंध विद्यापीठात जाणार. या आठवड्यात गेला नाही तर नोंदणी रद्द, आणि एवढ्या वर्षांची उस्तवार पाण्यात.

पण गेल्या कार्तिकात बाईंची एकुलती एक लेक, चारू, डेंगीनं गेली. त्यानंतर बाईंनी कुणाचं काही वाचलं नव्हतं. शलाकानंच गळ घातली होती. "मालिकेवरचं आहे बाई, जड नाही. तेवढाच तुम्हाला विरंगुळा."

बाईंनी वाचलं होतं. सही मात्र केली नव्हती.

"प्रेतावरही लिहिलंय की," शलाका म्हणाली. तिनं पान उलटलं, घसा साफ केला. "'पहिल्या भागातल्या मृत स्त्रीला नाव नाही, चेहरा नाही. ती व्यक्ती नसून कथेला ढकलणारी केवळ एक वस्तू आहे. तिच्या पायात जोडवी नाहीत. या चिन्हावरून प्रेक्षक ती अविवाहित असल्याचा अर्थ काढतो.'"

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "जोडवी नाहीत."

शलाकाला हुरूप आला. कुणी बरोबर म्हटलं की ती अजून चौथीतल्या पोरीसारखी ताठ बसते.

"पुढचं तर ऐका. 'प्रेताची पाठ श्वासानं हलते. ही निर्मितीतली ढोबळ चूक असून तिच्यामुळे वास्तवाचा आभास तुटतो.' हे कुणाच्या नजरेला आलं नव्हतं, बाई. मी थांबवून थांबवून पकडलं."

"माझ्या नजरेला आलं होतं."

"...हो?"

"लाव बघू."

शलाकानं टीव्हीवर पहिला भाग लावला. तळ्याच्या पायऱ्या. पालथी पडलेली बाई, तोंडावर ओले केस, हिरवं लुगडं. फौजदार काठीनं पदर सारतो.

बाई खुर्चीतून उठल्या. टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन फरशीवर मांडी घालून बसल्या.

"थांबव. पाय बघ."

"तेच तर लिहिलंय मी. जोडवी—"

"अगं, बोटं बघ."

शलाकानं चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला.

अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब होतं.

अशा पायाची मुलगी नवऱ्याला धाकात ठेवते म्हणतात. बाईंच्या या घरात ते शलाकानंच चारूला कितीदा म्हटलं होतं. साखरपुड्यात तर नवऱ्यामुलासमोर म्हटलं होतं. "बाबा रे, पाय बघून घे, नंतर तक्रार नको." आणि चारूनं तिला उशी फेकून मारली होती. "शलाकाताई, आधी तुझं बोट दाखव!"

शलाकानं कागद मांडीवर ठेवले.

"बाई... ही चारू?"

"एका दिवसाचं काम होतं. मैत्रीण आजारी पडली, म्हणून तिच्या जागी गेली." बाई टीव्हीकडंच बघत होत्या. "घरी येऊन म्हणाली, आई, श्वास धरून धरून बरगड्या दुखायला लागल्या गं. पण दिग्दर्शक साहेब म्हणाले, छान मेलीस."

"भाग लागला तेव्हा तिचं तेरावं होऊन गेलं होतं," बाईच पुढं म्हणाल्या.

चार सिद्धांत मांडीवर पडले होते. त्यातला एकही पुढं सरकला नाही.

"जोडवी मार्गशीर्षात घालायची होती," बाई म्हणाल्या.

शलाकानं पर्समधून पेन काढलं. टोपण निघेना.

"मी काढते हे, बाई. वाक्य काढते. पानच काढते सगळं. मला माहीत असतं तर... वस्तू काय लिहिलं मी, चूक काय लिहिलं... मला खरंच माहीत नव्हतं हो!"

बाईंनी तिच्या हातातून पेन घेतलं. टोपण काढलं. पानाच्या तळाशी सही केली. वरच्या एका शब्दालाही पेन लावलं नाही.

"बाई, अहो, पण ती चूक..."

"चूकच आहे ती," बाई म्हणाल्या. "राहू दे."

त्यांनी स्वतःच बटण दाबलं. चित्र पुन्हा सुरू झालं. तळ्याच्या पाण्यावर उजेड हलला. हिरव्या लुगड्याखाली पाठ जराशी वर आली, खाली गेली. फौजदारानं पगडी काढली, मान हलवली. "संपलंय सगळं," तो शिपायाला म्हणाला.

शलाकाला ते ऐकवेना. निदान हे तरी बंद करावं, म्हणून तिनं रिमोट उचलला.

बाईंनी मागं न बघता हात वर केला.

"थांब... अजून एक श्वास घेते ती."