मेथीची जुडी

बाळाने ओढून ओढून शर्वरीची चमकी वाकवली. भावाच्या लग्नात नवी हिऱ्याची चमकी हवी आणि जवळ दहाच हजार, म्हणून सराफकट्ट्यावरच्या तीन दुकानांतले भाव कागदावर टिपून ती धाकधुकीतच चौथ्यात शिरली.

कागद पाहून धनराजशेठ हसले. "हिरा म्हणजे मेथीची जुडी नव्हे वहिनी, दारोदार भाव विचारायला! ही घालून बघा. अठरा हजार." आणि ते फोनवर बोलायला वळले.

शर्वरी ओशाळली. त्यात मेथी आणायचीच राहिली हेही आठवलं. आरशात बघत तिने ती चमकी नाकात घातली आणि आपली पर्समध्ये टाकली.

"शेठ, नाकातली ही मोडीत दिली तर?"

शेठनी भिंगातून पाहून नाक मुरडलं. "पिवळट आहे, डागही आहे. चार हजार, तेही तुम्ही म्हणून."

शर्वरीने कागदावर चौथा भाव लिहिला: चार हजार.

"ही तुमचीच चमकी, शेठ. पाच मिनिटांत मेथीची जुडीसुद्धा इतकी कोमेजत नाही हो!"

दुकानातली गिऱ्हाइकं खदखदून हसली. सौदा सहा हजारांत पटला.

मेथी मात्र ती विसरलीच.