म्हशीमावशीच्या हातची चव

फार पूर्वी, जनावरंही चूल मांडत असत तेव्हा, चंद्री शेळी रोज आपल्या करडांसाठी काकडी, कोबी आणि कोथिंबिरीची हिरवीगार कोशिंबीर करायची. वर लिंबू पिळायची, दाण्याचं कूट घालायची. तरी करडं तोंड फिरवून उपाशीच उठायची.

"रोज काय गं हा पाला!"

एकदा शेजारच्या म्हशीच्या परसात तीच करडं कोबीची पानं चोरून मिटक्या मारत खाताना चंद्रीला दिसली. दुसऱ्या दिवशी कोशिंबिरीचं भांडं तिने गुपचूप म्हशीच्या कुंपणाआड नेऊन ठेवलं.

"ताई, पोरं आली की जरा त्यांच्यावर ओरडा हं," ती म्हशीला म्हणाली.

"किती वेळ?"

"भांडं रिकामं होईपर्यंत."

करडं लवकरच गुटगुटीत झाली. घरी येऊन आईला म्हणाली, "म्हशीमावशीच्या हाताला काय चव आहे! तुला नाही जमायची तशी कोशिंबीर."