दर्पकेतूची पेटी आणि चार कोपऱ्यांची गोधडी

एका राज्यात कारागीर बायकांची एक आळी होती, आणि त्या आळीत कुणाच्याही दाराला कडी नव्हती. एकीने सूत रंगवले की दुसरी ते उन्हात धरून पाही. दुसरीने टोपली विणली की तिसरी त्या विणीवरून आपल्या गोधडीचा टाका बदली. कुठली नक्षी कुणापासून सुरू झाली असे कुणी विचारले, तर सगळी आळी हसू लागे. त्या राज्याकडे हिऱ्यांची खाण नव्हती, मोठे सैन्य नव्हते. दूरदूरचे राजे त्याचे नाव घेत ते या बायकांच्या हातांमुळे.

मग तिथे दर्पकेतू नावाचा जादूगार आला. त्याच्यापाशी काळ्या शिसवीची पेटी होती. पेटीत वस्तू ठेवायची, झाकण मिटायचे. पुन्हा उघडले की तशाच वस्तूंची रास बाहेर ओसंडे. राजा भुलला. "माझ्या प्रजेच्या घरोघरी उत्तम वस्तू जाईल," तो म्हणाला. ही पेटी दरबारातून कुणी हलवणार नाही, असे वचन त्याने हातावर पाणी सोडून दिले.

सर्वांत आधी मागणी आली ती हौसाच्या टोपलीला. हौसा बांबू चिरून टोपल्या विणत असे. ती टोपली डोक्यावर घेऊन मिरवत गेली. पेटीतून टोपल्याच टोपल्या बाहेर पडल्या, लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि टाळ्या थांबल्या तेव्हा हौसाच्या बोटांचे लाकूड झाले होते.

ते लाकूड तिथे थांबले नाही. बोटांवरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर, तिथून दंडावर ते चढत राहिले. राजवैद्याने नाडी पाहायला हात धरला, पण लाकडात नाडी कसली? "काळजाला पोचलं की आटोपलं," एवढेच तो खालच्या आवाजात बोलला.

केवडा हौसाची जिवाभावाची मैत्रीण. ती गोधड्या शिवत असे. रोज सकाळी ती हौसाची बाही वर सारून पाही, लाकूड कुठवर आले ते.

"काय बघतेस? पालवी फुटली की मीच हाक मारीन तुला," हौसा म्हणाली.

"हसू नकोस, हौसे."

"मग रडू? डोळे पुसायला हात कुठे आहेत?"

आळीत भीती शिरली. एकेका दाराला कड्या लागल्या. बायका हातातले काम फडक्याखाली झाकू लागल्या. न जाणो, कुणी पाहिले तर दरबारापर्यंत बातमी जाईल. सर्वांआधी कडी लावली ती ठमामावशीने. ती मण्यांचे दागिने ओवणारी, जिभेची तिखट. केवडाने तिचे दार वाजवले तर ती आतूनच बोलली, "हौसाला मिरवायची हौस होती, भोग म्हणावं आता. माझ्या दाराशी कशाला आलीस?"

केवडा तशीच विहिरीवर गेली. विहिरीवर वाकलेल्या बाभळीच्या फांदीवर सुगरण पक्षी बसला होता. तो मनुष्यवाणीने बोलला.

"केवडे, ऐक. दर्पकेतूही एका नेमाने बांधलेला आहे. जो मागेल त्याला पेटीशी झुंजू द्यावे लागते, पण साऱ्या राज्याला मिळून तीनदाच. पेटीला जिची नक्कल साधणार नाही अशी वस्तू ठेव. नक्कल चुकली, तर पेटी फुटेल आणि शाप सुटेल. नक्कल साधली, तर जिने वस्तू केली तिचे हात जातील."

"तुला हे कसं ठाऊक?"

"माझे घरटे त्याने नेले. ही माझी चोच पाहा." त्याची चोच सागवानी झाली होती; बोलताना टकटक वाजे. "आणि एवढे लोकांना सांग, की आमच्यात घरटे नर विणतो. नाव मात्र सुगरणीचे होते."

केवडा घरी आली. तिने दाराला अडसर घातला, खिडकीला गोणपाट लावले आणि गोधडी शिवायला घेतली. थोड्या वेळाने दार वाजले. बाहेर बयजा होती, सूत रंगवणारी. ती, हौसा आणि केवडा लहानपणापासून एका ताटात जेवलेल्या.

"केवडे, उघड. मला कोपरा दे."

त्या आळीत गोधडी कुणी एकटीने शिवत नसे. गोधडी अंथरायची आणि मैत्रिणींना एकेक कोपरा द्यायचा, अशी रीत होती. जी ती आपल्या कोपऱ्यापासून आत शिवत येई, शेजारणीचा टाका पाहून आपला वळवी, आणि मध्यावर सगळ्यांची गाठ पडे. याला 'कोपरा देणे' म्हणत. ज्या बाईला कुणी कोपरा देत नसे, तिचे आळीत कुणी नव्हते असे समजावे.

"या खेपेला नाही, बयजे," केवडा आतून म्हणाली.

"मलासुद्धा नाही?"

"कुणालाच नाही. कुणी पाहिलंच नाही, तर पेटी तरी कुठून पाहील?"

बाहेर काहीतरी उंबऱ्यावर ठेवल्याचा आवाज झाला. मग पावले दूर गेली. केवडाने दार उघडले तेव्हा उंबऱ्यावर रंगवलेल्या सुताची लडी होती. तिने ती घेतली आणि पुन्हा अडसर घातला.

तिने शिवलेल्या गोधडीत टाका टाक्याहून बारीक होता. एक धागा सैल नव्हता, एक ओळ वाकडी नव्हती. सगळ्या राज्यात असे काम कुणी पाहिले नव्हते. ती गोधडी खांद्यावर घेऊन केवडा दरबारात गेली.

"मला झुंज हवी आहे," ती म्हणाली.

दर्पकेतू हसला. "घाल."

झाकण मिटले. झाकण उघडले. गोधडीमागून गोधडी बाहेर पडू लागली, आणि प्रत्येकीत टाका टाक्याहून बारीक होता. इतकी निर्दोष वस्तू तर पेटीला फारच सोपी गेली.

केवडाच्या हातातली सुई खाली पडली. ती उचलायला वाकली, आणि तिला उचलता आली नाही.

दुसऱ्या दिवशी केवडा उठते तो आळीत गलका झालेला. बयजा कुणाला न सांगता दरबारात गेली होती. पिकले जांभूळ आणि कच्चे जांभूळ यांच्या मधला रंग तिने एका वस्त्रावर चढवला होता. तो रंग तिच्याखेरीज कुणाला येत नव्हता. आता तो रंग बाजारात दोरीदोरीवर वाळत होता, आणि बयजा आपले लाकडी हात पदराखाली झाकून घरी आली होती.

"मला सांगितलं का नाहीस?" केवडा ओरडली.

"तू सांगितलं होतंस?"

दोन झुंजी हरल्या होत्या आणि तिसरी तेवढी उरली होती. दोघी हौसाच्या अंगणात गेल्या. लाकूड हौसाच्या खांद्यावरून गळ्याच्या हाडापाशी आले होते. तिचा श्वास करकरत होता, जसे जुने दार करकरावे. दोघींचे हात पाहून ती पहिल्यांदाच रागावली.

"अगं, एक मेली तर मरू द्यायचं होतं! तिघींनी कशाला रांग लावलीत?"

कुंपणावर टकटक झाली. सुगरण पक्षी तिथे बसला होता. "मी आठवून पाहिले," तो म्हणाला. "माझे घरटे विणून पुरे झाले त्याच दिवशी त्याने ते नेले. अपुरे होते तोवर तो रोज झाडाखालून जाई आणि मान वर करून पाहतही नसे."

केवडा त्याच्याकडे पाहतच राहिली. मग ती घरात धावली. दोन लाकडी तळव्यांच्या चिमट्यात धरून तिने जुन्या लुगड्यांचे थर ओढत आणले आणि अंगणात पसरले. टाचणाचे चार लांब टाके सोडले तर त्यावर काहीच नव्हते.

"ही घेऊन जायचं," ती म्हणाली. "अशीच. अर्धी पेटीत, अर्धी बाहेर. आणि ती पेटीत असताना शिवत राहायचं. टाका पडेल तशी ती बदलेल. बदलत्या वस्तूची नक्कल ती करणार तरी कशी?"

"शिवायची कुणी?" बयजाने हात पुढे केले. ते एकमेकांवर आपटून खणखण वाजले.

हौसा म्हणाली, "मला कोपरा दे."

"हौसे, तुझे हात..."

"दात आहेत ना?"

केवडा तिच्यापुढे गुडघे टेकून बसली. "तीन कोपरे तिघींना," ती म्हणाली. "आधीच द्यायला हवे होते."

तिघी दरबारात आल्या तेव्हा सगळे नगर लोटले होते. आळीच्या बायकाही भिंतीला चिकटून उभ्या होत्या. हौसाला दोघींनी खांद्यांनी तोलून आणले होते.

दर्पकेतूने थरांकडे पाहून नाक मुरडले. "ही तर चिंध्यांची चळत. वस्तू कुठे आहे?"

"होते आहे," केवडा म्हणाली.

"महाराज, ही थट्टा आहे."

राजा म्हणाला, "नेम तुझाच आहे, दर्पकेतू. मागेल त्याला झुंज द्यायची. घालू दे."

गोधडीचे अर्धे अंग पेटीत गेले. झाकण उरलेल्या अर्ध्यावर टेकून राहिले. तिघी तिच्याभोवती बसल्या. केवडाने लाकडी तळव्यांत कापड ताणून धरले. बयजाने तळव्याने सुई रेटली. लाकडाला सुई टोचत नव्हती, तेवढे बरे. हौसा वाकली आणि तिने सुईचे टोक दातांत धरून धागा ओढून घेतला. एक टाका पडला. तिघींचा मिळून एक, आणि तोही वाकडा.

पेटी घुमली. तिच्या तळाशी एक लहान दार होते, त्यातून एक गोधडी बाहेर सरकली. राजाने ती मूळ गोधडीशी लावून पाहिली. "एक टाका कमी आहे," तो म्हणाला.

"झाकण मिटेपर्यंत झुंज चालूच आहे," म्हणत दर्पकेतूने ती हिसकून पेटीत कोंबली. पेटी पुन्हा घुमली. पण तोवर दुसरा टाका पडला होता. तोही पहिल्यासारखा नव्हता, कारण पहिला पाहून बयजाला वाटले होते की हा जरा तिरपा जावा. तो तिरपा पाहून हौसाने पुढचा आडवा ओढला. केवडाने कापड वळवले आणि आडव्याचे पान झाले. पुढचे काय करायचे हे तिघींपैकी एकीलाही माहीत नव्हते, आणि आपल्याला माहीत नाही याचा केवडाला एवढा आनंद आयुष्यात झाला नव्हता.

नकलेमागून नक्कल बाहेर येई, आणि दर वेळी ती टाकाभर मागे असे. पेटी तापली. शिसवीतून धूर निघू लागला. पण लाकूडही थांबले नव्हते. ते हौसाच्या गळ्यावर चढले, हनुवटीवर आले. तिने एक धागा ओढला, दुसरा अर्धा ओढला, आणि तिचे दात मिटले ते मिटलेच. सुई त्यांच्यात अडकून राहिली. डोळे तेवढे जिवंत होते.

"हौसे, सोड! सोड ना गं!" केवडाने तळव्यांनी सुई धरायला पाहिले. तळवे घसरले. बयजाचेही घसरले.

गोधडी थांबली.

पेटी शांत झाली आणि एक गोधडी बाहेर आली. राजाने ती लावून पाहिली. त्याचा चेहरा उतरला. टाक्याला टाका जुळत होता. आता फक्त झाकण दाबून मिटायचे होते, की नक्कल पक्की झाली. दर्पकेतूने झाकणाकडे हात नेला.

केवडा भिंतीकडे वळून ओरडली. "एक कोपरा उरलाय! कुणी घेणार आहे का? आळीत कुणी आहे का?"

बायका जमिनीकडे पाहू लागल्या. आपले हात त्यांनी पदरात घेतले. त्यांना दोष कोण देणार? सगळ्यांच्या पोटाला तेच हात होते.

मग कुणीतरी पुटपुटत गर्दी सारून पुढे आली. "सरा, सरा. मेल्यांनो, धड वाटसुद्धा देत नाही." ठमामावशी होती. ती मटकन गोधडीच्या चौथ्या कोपऱ्यावर बसली.

"मला शिवण येत नाही, आधीच सांगते," ती केवडाला म्हणाली. "मी मणी ओवणारी."

"मग ओव!"

ठमामावशीने हौसाच्या दातांतली सुई मुठीत धरून हिसकली. गळ्यातला लाल मण्यांचा सर तिने तोडला, एक मणी सुईत घातला आणि टाका मारला. टाका इतका लांब आणि इतका भोंगळ होता की लहान पोरीनेही मारला नसता. त्याच्या मध्यावर लाल मणी लटकत होता.

दर्पकेतूचा हात झाकणावर पोचला होता. पण पेटीला मणी कळेना. ती घुमली, थरथरली. ठमामावशीने दुसरा टाका मारला. भिंतीपासून आणखी एक बाई निघाली, तिच्यामागून आणखी एक. कुणी टाका घाली, कुणी गाठ मारी, कुणी काठाला वेणी घाली. आणि जी ती शेजारणीच्या हाताकडे पाहत होती. पेटी एकदा ओरडली, माणसासारखी, आणि उभी चिरली.

मग जे व्हायचे ते झाले. बायकांच्या हातांतले लाकूड निघून गेले, आणि लाकडाला कुठेतरी जावेच लागते. दर्पकेतू जिथे उभा होता तिथे शिसवीचा एक खांब उभा राहिला. छताला तिथे आधार लागतच होता. घराघरांतल्या नकली वस्तूंचा भुसा झाला. कुंपणावरच्या पक्ष्याची चोच मऊ झाली आणि तो लगेच गवत आणायला गेला.

हौसाने मोठा श्वास घेतला. तिने बोटे हलवून पाहिली, मग केवडाची बोटे धरून पाहिली, मग बयजाची, आणि तिघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या की राजाला दुसरीकडे पाहावे लागले.

रडून झाल्यावर हौसाने गोधडीकडे नजर टाकली. "मावशी, हा काय टाका म्हणायचा? उसवू का?"

"हात तर लाव! तुझ्या दातांतून सुई काढताना माझं बोट फुटलंय."

राजा सिंहासनावरून उतरला. "माझी चूक झाली," तो म्हणाला. "ही गोधडी मला द्या. मी ती दरबारात लावीन. सगळ्यांना दिसेल."

केवडाने हात जोडले. "कशी द्यावी, महाराज? अजून झालेली नाही."

ती त्यांनी आळीत परत नेली. कड्या निघाल्या, खिडक्या उघडल्या आणि राज्याची घडी पुन्हा बसली. चिंचेखाली ती गोधडी आजही अंथरलेली आहे. तिचा काठ वाढतच जातो, म्हणून कोपरा कधी संपत नाही. वाटेने जाणारी कुणीही लेकबाळ आली की ठमामावशी आधी तिला दोन शब्द सुनावते, आणि मग सरकून जागा करून देते.